शिवऱ्याहून अलिबागला, घर बघायला

भोर तालुक्यातलं शिवरे हे आमचं गाव. पुणे-सातारा महामार्गावर, खेड-शिवापूरच्या टोलनाक्याजवळ. पुणं इथून पंचवीस-तीस किलोमीटर. मी लग्न होऊन आले तेव्हा रात्री नऊनंतर रस्त्यावर एस.टी.चे दिवे तेवढे दिसत. आता महामार्गाच्या दोन्ही अंगांना गोदामं आणि हॉटेलं आहेत, आत डोंगराच्या कडेनं प्लॉटचे दगड रोवलेले आहेत, आणि शिवगंगेच्या खोऱ्यातल्या कितीतरी खाचरांत भाताच्या जागी फार्महाऊसं उभी आहेत.

मी जिल्हा परिषदेच्या शाळांत तेहतीस वर्षं शिकवलं. हे पाटबंधारे खात्यात होते. आता दोघंही निवृत्त आहोत, मुलगी पुण्यात असते, आणि महामार्गाच्या धुळीनं ह्यांचा खोकला वर्षभर जात नाही. बाकीचं आयुष्य कुठे काढायचं, हा विषय त्यामुळे घरात निघाला. त्यात माझ्या थोरल्या नणंदेनं, वन्संनी, भर घातली. वन्सं आणि भाऊजींनी २०१३ मध्ये दादरची जागा विकून अलिबाग गावात घर घेतलं. दर फोनला त्या म्हणायच्या, "अगं, समुद्राची हवा, शांत गाव, मुंबई तासाभरावर. किहीमला एक बंगला विकायला निघालाय. एकदा येऊन डोळ्यांनी बघा तरी." गेल्या जानेवारीत आम्ही आठ दिवस काढले आणि गेलो.

शिवऱ्याहून अलिबागला जायची सरळ वाट म्हणजे पुण्याला वळसा घालून द्रुतगती मार्ग, खोपोली, पेण, वडखळ. पण ह्यांना भाटघर आणि नीरा-देवघर पुन्हा बघायचं होतं, म्हणून आम्ही कापूरहोळला उजवीकडे वळलो. भाटघरचं धरण १९२८ सालचं. वेळवंडी नदीवरचं हे दगडी काम अजून भक्कम आहे. भिंतीपाशी गाडी थांबवून हे बराच वेळ गप्प उभे राहिले. नोकरीची कितीतरी वर्षं त्या पाण्याच्या हिशेबात गेली होती. भोर म्हणजे पंतसचिवांच्या संस्थानाचं गाव. तिथे राजवाड्यापाशी चहा घेतला आणि नीरा-देवघरच्या जलाशयाच्या कडेकडेनं वरंध घाटाला लागलो. ह्या जलाशयाकाठीही आता 'लेक व्ह्यू' प्लॉटच्या पाट्या लागल्या आहेत. समुद्र असो नाहीतर धरण, पाणी दिसलं की जमीन विकली जाते.

वरंध घाटात वाघजाईच्या देवळापाशी गरम भजी मिळतात आणि कठड्यावर माकडं असतात. तिथून खाली कोकण उघडं होतं. जानेवारीत हा रस्ता फार सुंदर असतो. पावसाळ्यात दरडी येतात आणि तो वरचेवर बंद पडतो. खाली महाड तालुक्यातलं तळिये गाव आहे. २२ जुलै २०२१ ला त्या गावावर डोंगर आला आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. घाट उतरताना दोघंही काही बोललो नाही. कोकणात राहायला जाण्याचा विचार करणाऱ्या माणसानं जानेवारीतलं कोकण बघताना जुलै आठवला पाहिजे, असं मला त्या वळणावर वाटलं, आणि पुढचे आठ दिवस हाच विचार माझ्यासोबत राहिला.

महाड, लोणेरे, माणगाव, कोलाड हे मुंबई-गोवा रस्त्यावरचं अंतर कापलं. रोह्याहून कुंडलिकेच्या कडेनं साळावला आलो आणि पुलावरून रेवदंड्यात शिरलो. पुलावर गाडीची काच खाली केली तर खाऱ्या हवेचा झोत तोंडावर आला. रेवदंड्यात पोर्तुगीज तटाच्या आतूनच रस्ता जातो. मग चौल, नागाव, आक्षी. दोन्ही बाजूंना नारळी-पोफळीच्या वाड्या, आणि उन्हाची तिरीप रस्त्यावर नाण्यांसारखी सांडलेली. ह्यांनी सहज म्हटलं, "इथे राहायला काय हरकत आहे?" त्या क्षणी मलाही काही हरकत दिसली नाही.

अलिबाग हे छोटं गाव आहे. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या वीस हजारांच्या आसपास होती. पण ते जिल्ह्याचं ठाणं आहे, आणि म्हाताऱ्या माणसासाठी ही फार मोठी गोष्ट आहे. जिल्हाधिकारी कार्यालय, न्यायालय, जिल्हा रुग्णालय, कोषागार, बँका, एस.टी. स्टँड, वाचनालय, मासळी बाजार, सगळं पायी जाण्याच्या अंतरात. शिवऱ्यात मला निवृत्तिवेतनाच्या कामाला भोरला नाहीतर पुण्याला जावं लागतं. वन्सं हयातीचा दाखला द्यायला चपला घालून निघतात आणि येताना भाजी घेऊन येतात. त्यांच्या घरापासून कान्होजी आंग्र्यांची समाधी दहा मिनिटांवर आहे, समुद्र पंधरा मिनिटांवर. अली नावाच्या एका सधन माणसानं इथे विहिरी खणून बागा लावल्या म्हणून गावाला अलिबाग नाव पडलं, असं सांगतात. श्रीमंतानं समुद्राकाठी येऊन बाग करणं इथे जुनंच आहे.

संध्याकाळी किनाऱ्यावर गेलो. ओहोटी होती आणि माणसं कुलाबा किल्ल्याकडे चालत निघाली होती. शिवाजी महाराजांच्या अखेरच्या काळात, १६८० च्या सुमारास, ह्या किल्ल्याचं काम सुरू झालं. पुढे तो आंग्र्यांचा झाला. किल्ल्यात सिद्धिविनायकाचं देऊळ आहे आणि चहूकडे खारं पाणी असूनही आत गोड्या पाण्याचं तळं आहे. भाऊजींची तिथे एक मंडळी आहे: निवृत्त तहसीलदार, एक शिंपी, दोन शिक्षक, एक कोळी बुवा, शिवाय एस.टी.तले एक निवृत्त वाहक. रोज साडेपाचला कठड्यावर बसायचं आणि दिवेलागणीला उठायचं. दादरला वीस वर्षं राहून शेजाऱ्याचं आडनाव माहीत नव्हतं, असं भाऊजी म्हणाले. इथे ते दोन दिवस दिसले नाहीत तर तिसऱ्या दिवशी शिंपी दारात येतो. समुद्राच्या हवेपेक्षा हीच गोष्ट मला जास्त मोलाची वाटली.

दुसऱ्या दिवशी भाऊजींनी भूचुंबकीय वेधशाळा बाहेरून दाखवली. मुंबईत कुलाब्याला ही वेधशाळा होती. ट्रामगाड्या विजेवर चालणार म्हटल्यावर त्यांच्या प्रवाहानं नोंदी बिघडतील म्हणून विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला वेध अलिबागला हलवले. १९०४ पासून इथे नोंदी आहेत. मोजणीच्या खोल्या बांधताना लोखंड कटाक्षानं टाळलं होतं. भाऊजी म्हणाले, "मला हे आधी कळलं असतं तर मीही माझं घर तसंच बांधलं असतं." त्यांच्या घराच्या खिडक्यांचे गज मी पाहिले. अकरा वर्षांत तीनदा रंग दिलेला, तरी खालून पापुद्रे सुटलेले. खाऱ्या वाऱ्यात बिजागऱ्या, कुलपं, शिलाई मशीन, फ्रीजची मागची जाळी, स्कूटर, काही म्हणजे काही टिकत नाही. वातानुकूलन यंत्राचं बाहेरचं खोकं तीन-चार वर्षांत खलास होतं. पावसाळ्यात कपड्यांना आणि पुस्तकांना बुरशी येते. इथे पाऊस दोन हजार मिलिमीटरच्या घरात पडतो, आणि तो पडत नसतो तेव्हाही हवेत ओल असतेच. दमट हवेत वन्संचे गुडघे शिवऱ्याला दुखतात त्यापेक्षा जास्त दुखतात. ह्यांचा खोकला मात्र आठ दिवसांत निम्म्यावर आला. दोन्ही खरं आहे.

तिसरा दिवस किहीमच्या बंगल्याचा. थळच्या खत कारखान्यावरून पुढे गेलो. मांडवा, आवास, सासवणे, किहीम, झिराड हा अलिबागच्या उत्तरेचा पट्टा. मुंबईचे उद्योगपती, सिनेमातले लोक, क्रिकेटपटू ह्यांचे बंगले इथे आहेत. ही हौस आजची नाही. शंभर वर्षांपूर्वीही मुंबईतल्या तय्यबजींसारख्या सुखवस्तू घराण्यांची किहीमला घरं होती. तिथेच राहून सालिम अलींनी १९३० मध्ये सुगरण पक्ष्याच्या संसाराचं निरीक्षण केलं आणि त्यातून त्यांचं नाव झालं. त्या वेळी येणारा माणूस गलबतानं यायचा आणि महिनाभर राहायचा. आता मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट आहे. गाडी बोटीत घालायची आणि तासाभरात उतरायचं. जानेवारी २०२४ मध्ये शिवडी ते न्हावा अटल सेतू सुरू झाला. शुक्रवारी रात्री यायचं, रविवारी संध्याकाळी परतायचं.

आम्ही गेलो तो मंगळवार होता. मुख्य रस्ता सोडून बंगल्यांच्या गल्लीत शिरलो आणि मी मोजायला लागले. एका गल्लीत एकवीस फाटकं होती. त्यांतलं एक उघडं होतं, आणि आत माळी पाइपनं पाणी घालत होता. बाकी वीस बंद. उंच दगडी भिंती, वर बोगनवेल, कोपऱ्यात कॅमेरा. किराणा दुकान विचारलं तर अर्धा तास चालावं लागेल असं कळलं. जो बंगला दाखवायला आम्हाला आणलं होतं तो खरंच छान होता: कौलारू, चार पायऱ्यांची ओटी, मागे बारा नारळ आणि एक सुरंगी. हे ओटीवर बसले आणि त्यांचा चेहरा उजळला. मी त्या माळ्याच्या बायकोला विचारलं, "रात्री इथे कोण असतं?" ती म्हणाली, "आम्ही दोघं आणि शेजारच्या बंगल्यातला राखणदार. शनिवारी सगळे येतात." साठीच्या पुढच्या दोन माणसांना, त्यांतल्या एकाला रक्तदाब असताना, रात्री दोन वाजता हाक मारायला एक राखणदार. मी ओटीवरून उठले तेव्हाच माझं मन ठरलं होतं.

ह्या पट्ट्यात राहण्याचे खर्चही मी विचारून घेतले. बंगलेवाले शनिवार-रविवारी मोलकरणीला, वायरमनला, नळवाल्याला जे देतात तोच दर सगळ्यांना पडतो. निवृत्तिवेतनावरच्या माणसाला तो झेपत नाही. शनिवारी मासळी महाग होते, म्हणून वन्सं बुधवारी घेतात. उन्हाळ्यात बऱ्याच विहिरींचं पाणी मचूळ होतं. तालुक्यातल्या कितीतरी गावांना उमटे धरणाचं पाणी येतं. ज्यांच्याकडे ते पुरत नाही ते टँकर मागवतात. ज्या बंगल्यांत पोहण्याचे तलाव आहेत, त्यांच्या बोअर खोल आहेत. शेजारच्या कोळ्याची विहीर उथळ आहे. ह्यांनी आयुष्यभर पाण्याचं काम केलं. त्या गल्लीतून परत येताना ते एवढंच म्हणाले, "इतक्या बोअर समुद्राला इतक्या जवळ घ्यायच्या नसतात. गोडं पाणी उपसलं की त्याच्या जागी खारं आत येतं."

समुद्राकाठचा बंगला कायद्याच्या कचाट्यातही सापडू शकतो. १९९१ पासून भरतीच्या रेषेपासून पाचशे मीटरपर्यंत बांधकामावर किनारा नियमनाचे नियम आहेत. नंतर ते बदलत गेले, पण संपले नाहीत. ८ मार्च २०१९ ला नीरव मोदीचा किहीमचा बंगला जिल्हा प्रशासनानं सुरुंग लावून पाडला तो ह्याच नियमांच्या भंगासाठी. श्रीमंत माणसाचा एक बंगला गेला तर त्याला दुसरा असतो. आपण आयुष्याची पुंजी घालतो. शिवाय शेतजमीन घ्यायची तर घेणारा आधी शेतकरी असावा लागतो, नाहीतर जमीन बिनशेती झालेली असावी लागते. हे आम्हा शिवरेकरांना चांगलं माहीत आहे, कारण आमच्याकडेही गुंठ्या-गुंठ्यानं तुकडे करून विकलेल्या जमिनींत माणसं अडकली आहेत. सातबारा, फेरफार, झोनचा दाखला आणि किनारा नियमनाचा नकाशा, ही चार कागदपत्रं ओळखीच्या वकिलाला दाखवल्याशिवाय विसाराचे पैसे देऊ नयेत.

जमिनीवरून एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. ह्याच अलिबाग तालुक्यात चरी नावाचं गाव आहे. १९३३ मध्ये तिथल्या आणि आसपासच्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली खोतांविरुद्ध संप केला. सहा-सात वर्षं जमीन पेरली नाही. उपास काढले, लाकडं विकली, करवंदं विकली, पण नांगर धरला नाही. १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे शेतकरी परिषदेला आले होते. पुढे कुळांना संरक्षण देणारे कायदे झाले त्यामागे ह्या संपाचा मोठा वाटा आहे. त्याच तालुक्यात आज कुळांची पणतवंडं पणजोबांच्या वाट्याला आलेली जमीन विकून त्याच जमिनीवरच्या बंगल्यात राखणदार होताना मी पाहिली. विकणाऱ्याला दोष देणं सोपं आहे. एका पोराच्या शिक्षणाला आणि एका लग्नाला शेतातून पैसा निघत नाही हे मी शिवऱ्यात घरोघर पाहिलं आहे. पण कार्ले, खंडाळे, नेहुली ह्या गावांत भात काढल्यावर जो पांढरा कांदा होतो, ज्याला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचं शेत एकदा गेलं की तो कांदा दुसरीकडे होत नाही. रस्त्याकडेला त्याच्या वेण्या टांगलेल्या होत्या. मी चार घेतल्या. विकणाऱ्या बाईंनी सांगितलं की पलीकडचं वावर गेल्या वर्षी गेलं.

हे दुखणं एकट्या अलिबागचं नाही. इंग्लंडमध्ये कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर सेंट आयव्ह्ज नावाचं कोळ्यांचं आणि चित्रकारांचं जुनं गाव आहे. तिथे सुट्टीपुरत्या उघडणाऱ्या घरांमुळे गावच्या मुलांना घर घेणं अशक्य झालं. २०१६ मध्ये गावानं मतदान घेतलं आणि ऐंशी टक्क्यांहून जास्त लोकांनी कौल दिला की ह्यापुढे गावात बांधलं जाणारं नवं घर कायम राहणाऱ्यालाच मिळावं. आपल्याकडे ग्रामसभेला असा अधिकार नाही. पण प्रश्न ग्रामसभेत मांडायला तर कुणी मनाई केलेली नाही, आणि अलिबागइतकाच तो शिवगंगेच्या खोऱ्यातही मांडायला हवा.

चौथ्या रात्री जेवणं झाल्यावर वन्संनी ३ जून २०२० चा दिवस सांगितला. निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळलं. वारा ताशी शंभर किलोमीटरच्या वर होता. टाळेबंदीचे दिवस, बाहेरून मदतीला येणारं कुणी नाही. दुपारी एक ते चार घराची कौलं एकेक करून उडताना दोघं न्हाणीघरात बसून होते, कारण तिथे स्लॅब होता. नागाव-आक्षीपासून मुरूड-श्रीवर्धनपर्यंत पन्नास-साठ वर्षांच्या नारळी-पोफळी आडव्या झाल्या. पोफळ पुन्हा लावली तर सुपारी धरायला सहा-सात वर्षं लागतात, त्यामुळे वाडीवाल्यांचं एका दुपारी दशकाचं उत्पन्न गेलं. वन्संकडे नऊ दिवस वीज नव्हती. पण चौथ्या दिवशी गल्लीतल्या पोरांनी छपरावर ताडपत्री घातली, कोळीवाड्यातून सुकट आली, विहिरीचं पाणी शेजारी शेंदून देत होते. वन्सं म्हणाल्या, "किहीमच्या बंगल्यात असतो तर नऊ दिवस आम्ही दोघंच असतो."

दुसरी गोष्ट भाऊजींची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये रात्री अकराला त्यांच्या छातीत कळ आली. गावात प्राथमिक उपचार झाले, पण हृदयाच्या पुढच्या उपचारासाठी पनवेलला न्यायला सांगितलं. पाऊस कोसळत होता. कार्लेखिंड, पेझारी, पोयनाड, वडखळ, पेण, रस्ताभर खड्डे. पोचायला अडीच तास लागले. ते वाचले ह्याचं श्रेय वन्सं त्या रुग्णवाहिकेच्या चालकाला देतात. त्यानंतर अलिबागला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आहे आणि डॉक्टर वाढले आहेत. तरी मोठ्या आजाराला अजून पनवेल, नवी मुंबई नाहीतर मुंबईच. आणि ती 'तासाभरावरची मुंबई' पावसाळ्यात तासाभरावर राहत नाही. गेटवेहून मांडव्याला येणाऱ्या लाँच जूनपासून बंद होतात. रो-रो चालते, पण दर्या खवळला की तीही थांबते. अलिबागला प्रवासी रेल्वे नाही. शनिवारी सकाळी वडखळपासून गाड्यांची रांग लागते. त्या रांगेत रुग्णवाहिका अडकली तर काय, हे मला भाऊजींच्या तोंडून ऐकावं लागलं नाही. शिवऱ्याच्या धुळीला मी कितीही नावं ठेवली तरी धनकवडी-कात्रजची मोठी रुग्णालयं आमच्यापासून रात्री अर्ध्या-पाऊण तासावर आहेत, आणि तो रस्ता जुलैतही उघडा असतो.

अलिबागच्या इस्राएल आळीत मागेन अबोथ हे सिनेगॉग आहे. बेने इस्राएल लोकांचे पूर्वज नवगावच्या किनाऱ्याला लागले, तेलघाणे चालवू लागले, शनिवारी काम करत नसत म्हणून शनवार तेली म्हणवले गेले. किहीमकर, पेणकर, रोहेकर अशी आडनावं लावून ते शेकडो वर्षं इथे मराठी बोलत राहिले. १९४८ नंतर त्यांतले बहुतेक इस्राएलला गेले. त्या आळीत मी संध्याकाळी एकटीच फिरले. इथली घरं माणसं गेल्यामुळे बंद झाली होती. किहीमची माणसं आलेलीच नव्हती, तरी घरं बंद होती.

जायच्या आदल्या रात्री भाऊजींच्या कठड्यावरच्या मंडळींनी नागावच्या एका वाडीत पोपटी लावली. मडक्यात तळाशी भांबुर्डीचा पाला, वर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, जाडं मीठ आणि ओवा, पुन्हा पाला. मडकं उलटं ठेवून भोवती गवत-काटक्या पेटवायच्या. पाणी आत घालायचं नाही, शेंगांच्या आणि पाल्याच्या वाफेवरच सगळं शिजतं. अर्ध्या तासानं मडकं उघडलं आणि जो वास सुटला तो मी जन्मात विसरणार नाही. आमच्याकडे हुरडा पार्टी होते. ही तिची किनाऱ्यावरची बहीण म्हणायची. शिंपी, तहसीलदार आणि कोळी बुवा एकाच कागदावरून शेंगा सोलून खात होते. हे मला हळूच म्हणाले, "बंगला नको. पण ही माणसं हवीत."

परतताना आम्ही पेण-खोपोलीच्या वाटेनं आलो आणि कात्रजच्या बोगद्यातून बाहेर पडल्यावर दोघांचं एकमत झालं. घर शिवऱ्यातच राहील. ह्यांच्या खोकल्यासाठी नोव्हेंबर ते जानेवारी आम्ही अलिबाग गावात, वन्संच्या आळीत, भाड्याच्या दोन खोल्यांत राहणार. मालकाशी बोलणं झालं आहे. किहीमचा बंगला चांगला होता, पण तो वर्षातले शंभर दिवस राहणाऱ्या आणि बाकीचे दिवस राखणदार ठेवू शकणाऱ्या माणसासाठी आहे. ज्याला रोज उठून राहायचं आहे, आजारी पडायचं आहे आणि म्हातारं व्हायचं आहे, त्याच्यासाठी नाही. अलिबाग गाव मात्र तसं आहे. मोठ्या दुखण्याची सोय वाढली आणि वडखळचा रस्ता धड झाला, तर निवृत्त माणसाला महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर ह्याहून चांगली जागा मला ठाऊक नाही.

तुम्हीही समुद्राकाठी कायमचं राहायला जायचं मनात धरलं असेल, तर घर बघायला जानेवारीत जाऊ नका. जुलैत जा, महिनाभर भाड्यानं राहा, आणि एस.टी. स्टँडपासून पायी जाता येईल अशाच आळीत घर बघा.